‘वन्स मोअर’ची किंमत

नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘श्यामची आई’ पुन्हा एकदा पडद्यावर आली आणि तीही कृष्णधवल रूपात. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘नवरा माझा नवसाचा’ या चित्रपटाचा दुसरा भाग, पहिल्यानंतर वीस वर्षांनी, प्रदर्शित झाला. जानेवारी २०२५ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘संगीत मानापमान’ चित्रपटरूपाने प्रेक्षकांसमोर आले. मूळ नाटकाचा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी झाला होता. याच २०२५ सालच्या सप्टेंबरात ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या जपानी व्हिडिओ गेमला चाळीस वर्षे पूर्ण झाली आणि त्या निमित्ताने मारिओचे जुने खेळ नव्या यंत्रांसाठी पुन्हा विक्रीस ठेवण्यात आले. साने गुरुजींची आई आणि जपानी कंपनीचा मिशाळ नळकारागीर यांना एका ओळीत बसविणे कोणास विचित्र वाटेल. परंतु या चारही घटनांमागे एकच व्यवहार आहे. ओळखीच्या नावाला समाजाने दिलेला ‘वन्स मोअर’ हे आज मनोरंजनाच्या धंद्यातील सर्वांत भरवशाचे भांडवल झाले आहे. या भांडवलावर किती दिवस गुजराण करावयाची, हा प्रश्न केवळ मुंबई-पुण्याच्या निर्मात्यांचा नाही. तो जळगाव-धुळ्याच्या शिक्षकांचा, विद्यार्थ्यांचा आणि तिकीट काढणाऱ्या नोकरदारांचाही आहे.

व्हिडिओ गेमच्या व्यवसायात हा व्यवहार सर्वांत उघडपणे दिसतो, म्हणून त्याचा विचार प्रथम करणे सोयीचे. मोठा खेळ तयार करावयाचा तर शेकडो माणसांना कित्येक वर्षे राबावे लागते. एवढा पैसा अनोळखी नावावर लावण्याची छाती फार थोड्यांना होते. मग जुने नाव काढले जाते, त्याची चित्रे नव्याने रंगविली जातात आणि माल बाजारात येतो. ‘रेसिडेंट ईव्हिल’ मालिकेतील १९९८ सालचा दुसरा खेळ २०१९ मध्ये नव्याने बांधला गेला. ‘फायनल फँटसी’ मालिकेतील १९९७ सालचा सातवा खेळ तर एका झटक्यात सांगून संपत नाही म्हणून तीन भागांत सांगण्याचे ठरले. त्यांतील पहिला भाग २०२० मध्ये आणि दुसरा २०२४ मध्ये आला. ज्याने पंधराव्या वर्षी मूळ खेळ खेळला, त्यानेच चाळिशीत तो पुन्हा विकत घ्यावा, अशी ही योजना आहे.

खान्देशातही या योजनेला गिऱ्हाईक आहे. नव्वदच्या दशकात दूरदर्शन संचाला जोडावयाचे एक स्वस्त यंत्र आणि त्यात खोचावयाची ‘कॅसेट’ या परिसरातील अनेक घरांत आली होती. ते यंत्र बहुधा मूळ कंपनीचे नसे, नक्कल असे. पण मारिओ आणि ‘काँट्रा’ त्यावर चालत, आणि परीक्षा संपल्यावर गल्लीतील पाच-सात पोरे एका संचासमोर ओळीने बसत. ती पोरे आज चाळिशीत आहेत, नोकरीत आहेत, महिन्याच्या महिन्याला पगार घेत आहेत. ज्या कंपनीने त्या वेळी त्यांच्या गावात एकही यंत्र विकले नसेल, ती आज त्यांचे बालपण त्यांना परत विकू शकते. आपल्या आठवणींचा मालक दुसराच कोणी असावा, ही गोष्ट जितकी गमतीची तितकीच विचार करायला लावणारी आहे.

अशा पुनरावृत्तीच्या समर्थनार्थ दोन मुद्दे मांडले जातात. पहिला असा की, लोकांना जे हवे तेच दिले जाते. यात तथ्य नाही असे नाही. परंतु लोकांना काय हवे हे ठरण्यापूर्वी त्यांच्यापुढे काय काय मांडले जाते, हेही पाहावे लागते. ज्या ताटात एकच भाजी वाढली आहे, त्या ताटावरून जेवणाऱ्याची आवड ठरविता येत नाही. दुसरा मुद्दा अधिक प्रतिष्ठित आहे: जुने पुन्हा आणल्यामुळे वारसा जपला जातो. या दाव्याची तपासणी आकड्यांनी करता येते. अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत असे आढळले की, २०१० पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात उपलब्धच नाहीत. म्हणजे शंभरांतील तेरा खेळांच्या आरत्या चालू आहेत आणि सत्त्याऐंशी खेळांवर धूळ साचली आहे. आठवणींचा व्यापार आठवणी जपत नाही. खपतील तेवढ्याच निवडून घेतो.

जतन म्हणजे काय हे धुळ्याला नव्याने सांगण्याची गरज नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा केली, ती वाण्याच्या दुकानात पुड्या बांधण्यासाठी जाण्याआधी वाचविली. १९२६ साली त्यांचे धुळ्यात निधन झाल्यानंतर त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाड्यांनी कागद निवडताना हा कागद लोकांना आवडेल काय, असे विचारले नाही. जमाखर्चाची वही, वतनाचा तंटा, किरकोळ पत्र, सारे त्यांनी सारख्याच आस्थेने उचलले. जतन आणि स्मरणरंजन यांतील भेद येथे आहे. जतन करणारा नावडतेही सांभाळतो. स्मरणरंजन करणारा आवडते तेवढेच कुरवाळतो.

तरीसुद्धा, जुने पुन्हा सांगणे हाच दोष मानला तर मराठी रंगभूमीचा पायाच काढून घ्यावा लागेल. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आले ते कालिदासाच्या नाटकाचा आधार घेऊन; १८८२ चे ‘सौभद्र’ ही महाभारतातील अर्जुन-सुभद्रेची कथा. त्या काळच्या प्रेक्षकाला या दोन्ही कथा तोंडपाठ होत्या. नवे होते ते कथेत नव्हे, तर ती गाण्याच्या रीतीत, पात्रांच्या घरगुती बोलण्यात आणि मराठी भाषेच्या मोकळेपणात. त्याहून बोलका दाखला खाडिलकरांचाच आहे. त्यांचे ‘कीचकवध’ १९०७ साली आले. कथा विराटाच्या दरबाराची, शेकडो वर्षे कीर्तनात घोळलेली. पण प्रेक्षकाने कीचकात लॉर्ड कर्झन ओळखला, द्रौपदीत गांजलेला देश ओळखला, आणि सरकारनेही ते ओळखून १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. जुन्या गोष्टीने राज्यकर्त्यांची झोप उडविली, कारण लेखकाने ती आजचा प्रश्न विचारण्यासाठी हाती घेतली होती. ज्या नाटककाराच्या ‘मानापमान’चा आज गौरवाने पुनर्जन्म होतो, त्यानेच घालून दिलेली ही कसोटी आहे. जुने परत आणणाऱ्या प्रत्येकास विचारावे: या कथेतून आजच्या माणसाला टोचेल असे काय निघाले?

‘वन्स मोअर’ या शब्दाचा मूळ अर्थही या संदर्भात पाहण्यासारखा आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांच्या बालपणाचा काही काळ जळगावात नातेवाइकांकडे गेला आणि गायनाचे आरंभीचे धडे त्यांना येथेच मेहबूब खाँ यांच्याकडून मिळाले. जळगावला याचा अभिमान आहे. शहरातील खुल्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ येथे संगीत महोत्सवही भरतो. बालगंधर्वांच्या पदांना वन्स मोअर पडत, पुन्हा पडत, आणि नाटक पहाटेपर्यंत चाले. पण तेच पद दुसऱ्यांदा म्हणताना कसलेला गायक ते तसेच म्हणत नसे. एखादी जागा वेगळी घेई, एखादी तान दुसऱ्या वाटेने वळवी. श्रोता वन्स मोअर देई तो पद ठाऊक नव्हते म्हणून नव्हे; ठाऊक असलेल्या पदातून या खेपेस काय निघते हे ऐकण्यासाठी देई. त्या मागणीत आठवण होती तशीच उत्सुकताही होती. आज उत्सुकता गळून पडली आहे आणि आठवण तेवढी उरली आहे. प्रेक्षक आता ‘तसेच्या तसे’ मागतो आणि एक जागा बदलली की रुसतो.

त्या सुवर्णकाळाचा शेवट कसा झाला, हेही स्मरणात ठेवावयास हवे. १९३१ साली बोलपट आला, पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ मराठीतून बोलू लागला. नाटक मंडळ्यांच्या अवनतीची कारणे अनेक होती: कर्जे होती, डोळे दिपविणारा पण न परवडणारा थाट होता, बोलपटाचे स्वस्त तिकीट होते. परंतु १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आणले, तेव्हा स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, आणि जुन्या वैभवात रमलेल्या मंडळ्यांना जी वाट दिसली नव्हती ती काही हौशी तरुणांना दिसली. खुद्द बालगंधर्वांनी १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’ या बोलपटात संत एकनाथांची भूमिका केली. त्यांच्या कलेचे मोठेपण तसूभरही कमी झाले नव्हते. बदलला होता तो काळ, आणि काळ वन्स मोअर देत नाही.

अलीकडच्या वर्षांतील पुनरागमनांना हीच कसोटी लावून पाहावी. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ सालचे. वसंतराव देशपांडे यांच्या खाँसाहेबांनी ते अजरामर केले. २०१५ मध्ये त्याचा चित्रपट झाला, आणि ज्यांनी शास्त्रीय गाणे कधी कानावरून जाऊ दिले नव्हते अशा अनेक तरुणांनी तो आवडीने पाहिला. हे श्रेय नाकारणे कोतेपणाचे होईल. परंतु त्या कथेतील सदाशिवकडे थोडे लक्ष द्यावे. एका घराण्याचे संस्कार घेऊन आलेला हा तरुण दुसऱ्या घराण्याची विद्या दडून शिकतो आणि विद्या ही कोणाच्या घराण्याची मिरास नव्हे, हे सिद्ध करतो. आजचा सदाशिव कोठे आहे? तो अमळनेरच्या वा शिरपूरच्या एखाद्या महाविद्यालयात नवी संहिता लिहून बसला असेल, तर तिच्यासाठी तारीख, रंगमंच आणि पैसा कोण देणार? ‘कट्यार’च्या यशानंतर त्याच रांगेतील दुसरे जुने नाव शोधले गेले, नव्या संगीत नाटकाच्या शोधात त्या उत्साहाचा दशांशही खर्ची पडला नाही.

असा शोध व्यर्थ जातो असेही नाही. नाशिकच्या प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ २०१७ मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर आले. तुकोबा आणि विठोबा यांच्याइतके ओळखीचे विषय मराठी मनाला दुसरे नाहीत. पण या नाटकात रंगमंचावर आहेत त्या दोघींच्या बायका, आवली आणि रखुमाई. भक्ताच्या आणि देवाच्या संसाराचा भार ज्यांनी वाहिला, त्या दोघी आपसांत बोलू लागल्या आणि चारशे वर्षांची ओळखीची कथा अनोळखी झाली. प्रेक्षकांनी या नाटकाला पाठ दाखविली नाही. ‘लोकांना नवे नको असते’ या सबबीला याहून समर्पक उत्तर नाही. व्हिडिओ गेमच्या जगातही असेच घडले. ‘झेल्डा’ ही १९८६ पासूनची मालिका. तिच्या २०१७ सालच्या खेळाने ठरून गेलेल्या वाटा मोडल्या, मूळ खेळातील मुक्त भटकंतीची कल्पना तेवढी घेतली आणि बाकीचा डाव नव्याने मांडला. त्या खेळाला जगभर मिळालेले प्रेम केवळ नावाचे नव्हते.

आता ‘श्यामची आई’कडे वळावे, कारण या पुस्तकावर खान्देशाचा विशेष हक्क आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तेथील वसतिगृहातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच उतरवून घेतली, आणि १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. वरवर पाहता हे पुस्तक म्हणजे स्मरणरंजनाचा कळस वाटावा: कोकणातील घर, आईची माया, हरवलेले बालपण. पण त्यातील आई मुलाला केवळ कुरवाळीत नाही. ओझ्याखाली वाकलेल्या महार म्हातारीला हात लावण्यास ती मुलाला पाठविते आणि गावाच्या रूढीपेक्षा माणुसकी मोठी मानते. हेच गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषणास बसले. त्यांच्या लेखी आठवण ही विसाव्याची जागा नव्हती. तेथून कामाला निघावयाचे होते.

आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये या पुस्तकाचा चित्रपट केला, आणि राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्या चित्रपटाला रंग नव्हता, कारण तेव्हा मराठी चित्रपटाला तो परवडत नव्हता. सत्तर वर्षांनी आलेल्या चित्रपटाने रंग आपण होऊन नाकारला. कलावंताला असा निर्णय घेण्याचा अधिकार आहे आणि त्याची कारणेही असतील. तथापि प्रेक्षकाने आणि विशेषतः शिक्षकाने सावध राहावे ते येथे. ‘श्यामची आई’ म्हणजे धूसर, कृष्णधवल, पवित्र आणि दूरची गोष्ट, अशी समजूत एकदा दृढ झाली की तिच्यातील टोक बोथट होते. शाळेत ११ जूनला गुरुजींच्या प्रतिमेला हार घालावयाचा, आणि मधल्या सुटीत कोण कोणाच्या डब्यातले खात नाही याकडे पाहावयाचे नाही, हे स्मरणरंजनच होय. बहिणाबाई चौधरींच्या बाबतीतही हा धोका आहे. आसोद्याची ही शेतकरी बाई १९५१ साली गेली. तिची गाणी तिच्या मुलाने उतरवून ठेवली म्हणून पुढच्या वर्षी ती छापली गेली. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव मिळाले, हे योग्यच झाले. पण आज कापूस वेचणारी बाई कोणत्या शब्दांत काय म्हणते, हे उतरवून घेणारा त्या विद्यापीठातून निघाला नाही, तर कमानीवरील नाव हे केवळ सुंदर अक्षरांत लिहिलेले विस्मरण ठरेल.

उसन्या आठवणीचेही सोने करता येते, याचे उदाहरण धुळ्याच्या शेजारीच आहे. यंत्रमागांच्या मालेगावात शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. मूळ ‘शोले’ १९७५ चा, त्यातील संवाद पोराटोरांना पाठ. मालेगावकरांकडे ना पैसा, ना घोडे; त्यांच्या डाकूंनी सायकलींवर टांग मारली. यंत्रमागावरचे कामगार आणि दुकानदार यांनी मुंबईची गोष्ट घेतली, ती आपल्या गल्लीत आणली आणि आपल्या दारिद्र्यासकट हसून सांगितली. पुढे त्यांच्या सुपरमॅनवर २००८ मध्ये अनुबोधपट झाला, आणि २०२५ साली त्यांच्या धडपडीवर मुंबईने मोठा हिंदी चित्रपटही काढला. मुंबईकडून घेतलेल्या आठवणीचे मालेगावाने असे काही केले की मुंबईला ती पुन्हा मालेगावाकडून घ्यावी लागली. ज्यांच्याजवळ भांडवल नव्हते त्यांनी ती वाढविली, आणि ज्यांच्याजवळ भांडवल आहे ते मुद्दल मोडून खात आहेत, हा विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे.

बँकेत वा कचेरीत काम करणाऱ्यास हा हिशेब समजावून सांगण्याची जरुरी नाही. पूर्वजांनी ठेवलेल्या ठेवीचे व्याज घ्यावे, त्यात लाज नाही. परंतु घरात नवी मिळकत येणे थांबले आणि दरवर्षी ठेवच मोडावी लागली, तर एक दिवस पासबुकात नाव तेवढे राहते. आजची पिढी खाडिलकर, दारव्हेकर, अत्रे यांची ठेव मोडून खाते आहे. आणखी तीस वर्षांनी ज्यांना स्मरणरंजन करावेसे वाटेल, त्यांच्यासाठी २०२५ सालचे काय शिल्लक असेल? पुनरावृत्तीची पुनरावृत्ती हीच त्यांची आठवण असेल काय?

उपाय मोठे नाहीत, आणि ते मुंबईच्या हाती तर मुळीच नाहीत. शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत जुन्या गाजलेल्या नाटकांतील प्रवेशांना जागा असावी, पण एक प्रवेश तरी त्याच वर्षी, त्याच शाळेतील मुलांनी लिहिलेला असावा. तो कच्चा असला तरी चालेल. विद्यापीठाच्या ‘युवारंग’ महोत्सवात आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर नवी संहिता घेऊन येणाऱ्या संघांना तालमीसाठी जागा आणि थोडा पैसा स्थानिक संस्थांनी द्यावा. नगरपालिका आणि महापालिका यांच्या नाट्यगृहांनी वर्षातील काही तारखा नव्या स्थानिक नाटकासाठी अल्प भाड्यात राखून ठेवाव्यात. जळगावच्या ‘परिवर्तन’ संस्थेच्या ‘नली’ने, एका खेड्यातील मुलीची कहाणी एकट्या नटाच्या तोंडून सांगून, येथील मातीतले नवे नाटक उभे राहू शकते हे दाखविलेच आहे. राहता राहिला प्रेक्षक. त्याने तीन ओळखीच्या नाटकांमागे एका अनोळखी नाटकाचे तिकीट काढावे, एवढी अपेक्षा जास्त होणार नाही. त्यातील एखादा प्रयोग फसेल, संध्याकाळ वाया गेली असेही वाटेल. ‘शाकुंतल’च्या पहिल्या प्रेक्षकानेही तिकीट काढताना हाच धोका पत्करला होता, आणि त्याने तो पत्करला म्हणूनच आज वन्स मोअर देण्याजोगे काही हाती उरले आहे.